सफेदी केव्हाच झाली

हे सगळं रामायण घडलं ते एका थापेमुळे. आणि ती थाप कासिमिरो मास्तरांनी सोमवारी सकाळी अकरा वाजता, पूर्ण शुद्धीवर असताना, फोनवर मारली.

पलीकडून त्यांची बायको विर्तुदेस बोलत होती. दीड महिन्यापूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून ती मालागा शहरात मुलीकडे होती.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "मे संपत आला. भिंतीला हात लावू नकोस. मी आले की मीच सफेदी करीन."

"तू? शिडीवर? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टर मालागाचा आहे. त्याच्या घराच्या विटा दिसतात बाहेरून. त्याला काय कळतंय?"

विर्तुदेस बोलते ते करते, हे मास्तरांना बेचाळीस वर्षांच्या संसारातून पक्कं ठाऊक होतं. ती शनिवारी गाडीतून उतरणार, काठी मुलीच्या हातात देणार आणि नव्या खुब्यासकट शिडीच्या सातव्या पायरीवर चढणार. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, 'मी करतो की.' पण मास्तरांना घाई झाली.

"अगं, सफेदी केव्हाच झाली!" ते म्हणाले.

पलीकडे काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"केव्हाच?"

"केव्हाच."

"बरं," असं म्हणून विर्तुदेसने फोन ठेवला.

ज्या माणसाने बेनाहोरा गावच्या शाळेत चाळीस वर्षं खोटं बोलणाऱ्या पोरांना फळ्याकडे तोंड करून उभं केलं, तो माणूस फोन ठेवल्यावर आपण होऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यांना आठवलं की बघायची भिंत ही नव्हे, बाहेरची. ते गल्लीत आले.

गल्ली वरपासून खालपर्यंत अशी पांढरी होती की डोळे मिचकावल्याशिवाय बघवत नव्हतं. दर मे महिन्यात बेनाहोरातलं घर न् घर चुन्याने उजळतं. यंदाही उजळलं होतं; अपवाद फक्त एकाचा. हसऱ्या तोंडात एकच किडका दात असावा तसं मास्तरांचं घर त्या ओळीत उभं होतं. हिवाळ्यातल्या ओलीचे काळे ओघळ वळचणीपासून खाली आले होते आणि पायाशी चक्क हिरवं शेवाळ होतं. आजवर मास्तरांचा याच्याशी काही संबंध आला नव्हता. ते सकाळी शाळेत जात, दुपारी वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी येत, आणि त्यांच्या लेखी भिंत दर मे महिन्यात आपोआप पांढरी होत असे, बदामाला फुलं येतात तशी.

'पण त्यात आहे काय?' मास्तर स्वतःशीच म्हणाले. 'चुना, पाणी आणि कुंचा. दोन तासांचं काम.'

मुलांनो, गणितं चुकतात ती अशीच. पहिल्याच ओळीत.

काम गुपचूप उरकायचं असं मास्तरांनी ठरवलं होतं. म्हणून ते चौकातल्या बेर्नाबेच्या हॉटेलात गेले, कॉफी मागवली आणि खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं विचारलं, "कळीचा चुना हल्ली कुठे मिळतो हो?" निवृत्त शिक्षकाने चुन्याची चौकशी करावी म्हणजे काय! कॉफी थंड व्हायच्या आत ती बातमी त्यांच्या आधी त्यांच्या गल्लीत पोचली होती. घराशी येऊन बघतात तो समोरची फ्रास्किता दारात खुर्ची टाकून त्यांची वाटच बघत बसलेली. फ्रास्किता ब्याऐंशी वर्षांची. तिच्या मांडीवर सोलायच्या शेंगांची टोपली होती आणि तोंडात सल्ला तयार होता.

"मूठभर मीठ घाल, मास्तर. मीठ नसलं की भिंतीला टेकणाऱ्याची पाठ पांढरी होते."

बेर्नाबे हॉटेल उघडं टाकून मास्तरांच्या मागोमाग आला होता. "मीठ? अहो मास्तर, मिठाने भिंत ओल धरते! बोकडाची चरबी घाला वितळवून. माझा बाप तेच घालायचा."

"तुझ्या बापाच्या भिंतीला उन्हाळ्यात कुत्री चाटायची!" फ्रास्किता म्हणाली.

"चाटायची, पण भिंत टिकली ना?"

"भिंत टिकली, पण बायको कुठे टिकली? वासाला कंटाळून माहेरी गेली ती. मास्तर, तू याचं ऐकू नकोस. चरबी नको. फड्या निवडुंग चिरून रात्रभर पाण्यात ठेव, त्याचा चीक घाल. आणि चिमूटभर नीळ. चिमूटभर हं. निळीशिवाय पांढऱ्याला पांढरेपणा येत नाही."

मास्तरांनी खिशातली वही काढून सगळं क्रमवार उतरवून घेतलं: मीठ, चरबी (वादग्रस्त), निवडुंग, नीळ. उतरवून घेण्याची त्यांना सवयच होती. त्यांचं अक्षरही सुंदर होतं. पण त्या वहीत एक गोष्ट आली नाही, कारण ती कोणी सांगितलीच नाही. आणि सांगितली नाही कारण बेनाहोरात जन्मलेल्या अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ती सांगणं म्हणजे त्याचा अपमान करणं झालं असतं. ती गोष्ट गुरुवारी नडली. मास्तरांना शुक्रवारी कळली.

मंगळवारी परवानगी. बेनाहोरा हे सुंदर पांढऱ्या गावांच्या यादीतलं गाव असल्यामुळे, रोज अकराच्या बसने प्रवासी येतात आणि भिंतींचे फोटो काढतात. त्यामुळे भिंतीला काहीही करायचं तर गावकचेरीत कळवावं लागतं. बायका कळवत नाहीत. त्या सकाळी उठतात आणि चुना फासून मोकळ्या होतात. पण मास्तर नियमाने चालणारे. ते दहाला कचेरीत गेले. कारकून न्याहारीला गेला होता. अकराला परत गेले, तेव्हा तो न्याहारीहून आला होता आणि खिडकी नंबर एकवर बसला होता. तो निकासिओ निघाला, मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

"बसा, मास्तर. रंग कोणता देणार?"

"निकासिओ, या गावात दुसरा कोणता रंग असतो?"

"तसं नाही, रकाना आहे ना. पांढरा. बरं, सध्याचा रंग?"

मास्तर टोपी काढून तिची कड न्याहाळू लागले.

"करडा लिहितो," निकासिओ हळुवारपणे म्हणाला. "भिंतीचा फोटो?"

"भिंत इथून साठ पावलांवर आहे. मान बाहेर काढ, दिसेल."

"मास्तर, अर्धवट वही तपासायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? माझी वही तुम्ही तीनदा परत केली होतीत. नकाशात एक नदी राहिली म्हणून."

नदी कुठली राहिली होती ते मास्तरांना आता आठवेना, पण राहिली होती खरी. ते घरी गेले, फोटो काढला, परत आले. निकासिओने शिक्का उचलला आणि हवेतच थांबवला.

"शिडी लावणार?"

"नाही, उडणार आहे."

"शिडी सरकारी रस्त्यावर उभी राहणार. त्याची परवानगी वेगळी. खिडकी नंबर दोन."

मास्तर खिडकी नंबर दोनपाशी गेले. तिथे कोणी नव्हतं. मग निकासिओ उठला, खुर्ची उचलली, चार पावलं चालून आला आणि खिडकी नंबर दोनवर बसला.

"बोला, मास्तर. काय काम आहे?"

याच मुलाला आपण एके काळी, 'मोठा होऊन काहीतरी व्यवस्थित काम कर,' असा आशीर्वाद दिला होता, हे आठवून मास्तरांचे कान लाल झाले. परवानगी गुरुवारी सकाळी मिळेल असं ठरलं. बसच्या वेळेत शिडी काढून घ्यायची, या अटीवर.

बुधवारी मास्तर चुना विरवायला बसले. फ्रास्किताच्या परसात विरवलेल्या चुन्याचा रांजण होता, सहा वर्षं मुरलेला. तिने दोन भांडी देऊ केली होती, पण मास्तर म्हणाले, "मी स्वतः विरवतो. ही साधी रासायनिक क्रिया आहे." चाळीस वर्षं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं की कळीच्या चुन्यात पाणी पडलं की उष्णता निर्माण होते. त्या चाळीस वर्षांत फळा एकदाही तापला नव्हता. त्यांनी विर्तुदेसचा कपडे भिजवायचा प्लॅस्टिकचा टब अंगणात ठेवला, त्यात चुन्याचे खडे रचले आणि वरून बादलीभर पाणी ओतलं.

आधी क्षणभर काहीच झालं नाही. मास्तर जरा निराशही झाले. मग खडे फुसफुसायला लागले, फुटायला लागले, वाफेचा लोट उठला, चुन्याचे तापलेले शिंतोडे कपाळावर उडाले आणि टब असा रटरटू लागला की मास्तर जिना चढून पहिल्या मजल्यावर गेले. वरून त्यांनी पाहिलं. टबाचा तळ हळूहळू मऊ झाला, सुटला, आणि पांढरा लोंढा अंगणभर पसरत कोपऱ्यातल्या जिरेनियमच्या कुंड्यांपर्यंत गेला. विर्तुदेसने दीड महिन्यात रोज फोनवर नवऱ्याच्या आधी या झाडांची चौकशी केली होती.

"मास्तर!" पलीकडून फ्रास्किताची हाक आली. "तुझ्या घरातून धूर येतोय!"

"वाफ आहे ती! ठरल्याप्रमाणे चाललंय!"

संध्याकाळी मास्तर रिकामी बादली घेऊन फ्रास्किताच्या दारात उभे राहिले. तिने रांजणावरचं झाकण काढलं. एवढंच म्हणाली, "भुवया होत्या ना रे तुला?"

गुरुवारी परवानगीचे दोन कागद खिशात घालून, बस येऊन गेल्यावर, मास्तर शिडीवर चढले. चुन्यात मीठ होतं, निवडुंगाचा चीक होता. कुंच्याला लांब वेताची काठी होती. तो विर्तुदेसचा कुंचा होता, आणि मूठ तिच्या पकडीने झिजलेली असल्यामुळे मास्तरांच्या हातात ती नीट बसेना. चुना मनगटावरून कोपरापर्यंत, कोपरावरून काखेत येऊ लागला. पण काम पुढे सरकत होतं. तासाभरात त्यांनी अख्खी भिंत सारवून काढली, खाली उतरले, चार पावलं मागे सरकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

भिंत होती तशीच होती. ओली झाली होती, इतकंच. काळे ओघळ जागच्या जागी होते, उलट भिजून अधिक काळे दिसत होते.

'पातळ झाला,' मास्तर म्हणाले. त्यांनी चुना घट्ट कालवला आणि दुसरा हात दिला. काही फरक नाही. तिसरा हात दिला. भिंत करडीच. समोर फ्रास्किताचं दार बंद होतं. गावाची दुपारची झोप चालू होती, आणि विचारायला कोणी असतं तरी मास्तरांनी विचारलं नसतं. शिक्षकाला प्रश्न विचारायची सवय असते, पण ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न तो विचारत नाही. त्यांनी वही काढली. नीळ राहिली होती! 'निळीशिवाय पांढऱ्याला पांढरेपणा येत नाही.' त्यांनी चिमूटभर नीळ घातली. ढवळलं. चिमूट पुरेशी वाटेना. शेवटी पुडीच रिकामी केली. चौथा हात दिला. मग, अब्रूचा प्रश्न झाला म्हणून, बेर्नाबेकडून आणलेली चरबीही वितळवून ओतली आणि थापून थापून पाचवा हात दिला. अंधार पडेस्तोवर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोडं चुन्यामुळे, बाकीचं कशामुळे ते त्यांनी तपासलं नाही. भिंत त्यांच्याकडे बघत होती. करडी.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास दाराबाहेरच्या गलबल्याने त्यांना जाग आली. त्यांनी दार उघडलं. बस आली होती. वीसेक प्रवासी हातात फोन धरून त्यांच्या भिंतीसमोर अर्धवर्तुळात उभे होते. मास्तरांनी मान वर केली.

भिंत निळी होती. सगळी नव्हे, काही ठिकाणी डोळे दिपावेत अशी पांढरी, काही ठिकाणी धुतलेल्या चादरीसारखी निळसर आणि वळचणीखाली तर भर दुपारच्या आकाशासारखी निळी. आणि उन्हाने पाचही थर एकदम वाळल्यामुळे ती तडकत होती. मोठाले पोपडे सुटून गल्लीत पडत होते.

"ही अरबांच्या काळची निळी छटा," प्रवाशांबरोबरचा माणूस बेधडक सांगत होता, "आता फक्त याच घरावर उरली आहे."

एका बाईने खाली पडलेला पोपडा अलगद उचलला आणि रुमालात बांधून पिशवीत ठेवला.

बस गेल्यावर फ्रास्किता काठी टेकत आली. तिने भिंत वरून खाली पाहिली आणि मग मास्तरांना वरून खाली पाहिलं.

"किती हात दिलेस?"

"पाच."

"एका दिवसात?"

"पहिल्या हाताने काही दिसेचना!"

फ्रास्किता खाली बसली. खुर्ची नव्हती, म्हणून उंबऱ्यावर बसली. आधी तिच्या खांद्यांना हसू आलं, मग तोंडाला. "अरे मास्तर! आज दिलेला चुना उद्या दिसतो! ओला असताना तो पाण्यासारखाच असतो. माझ्या कोंबड्यांना ठाऊक आहे हे!"

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? उद्या तुला सांगू का, भाकरी चावून खायची असते?"

नेमका त्याच वेळी निकासिओ गल्लीच्या तोंडाशी उगवला. त्याच्या हातात अर्जाची प्रत होती. त्याने प्रत पाहिली, भिंत पाहिली, पुन्हा प्रत पाहिली.

"मास्तर, अर्जात पांढरा लिहिलाय."

"निकासिओ," मास्तर अशा आवाजात म्हणाले की जो आवाज त्या पोराने तिसरीनंतर ऐकला नव्हता, "फळ्याकडे तोंड कर आणि घरी जा."

निकासिओ गेला. सवय मोडत नाही.

मग मास्तरांनी खरवडणं घेतलं. पहिले पाच थर सहज निघाले. ते त्यांचे होते. त्याखालचे निघेनात. ओलीने फुगलेल्या एका जागी पातं खोल गेलं आणि एक जाड खपली हातात आली. तिची कड कापलेल्या कांद्यासारखी दिसत होती. एकावर एक कागदासारखे पातळ पापुद्रे. मास्तर उन्हात उभे राहून ते मोजू लागले. मोजणं हा त्यांचा स्वभावच. वरचे एकेचाळीस पापुद्रे अगदी सारखे, पातळ, सगळे विर्तुदेसच्या हातचे होते. त्याखालचे मास्तरांच्या आईच्या हातचे, जरा जाड. त्यांनी पुन्हा मोजले. एकेचाळीसच. बेचाळिसावा यंदाचा. ती खपली त्यांनी रुमालात बांधून खिशात घातली.

दुपारी चारला त्यांनी तिच्या देखरेखीखाली फक्त एक हात दिला. पातळ. नीळ खरोखर चिमूटभर. भिंत पुन्हा ओली आणि करडी दिसू लागली. "आता हात बांधून बस," ती म्हणाली. "उद्या बघ." उद्या शनिवार. विर्तुदेस दुपारी येईल, तोवर भिंत पांढरी झालेली असेल. मास्तरांनी पाच दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला.

आणि गल्लीच्या टोकाला मुलीची गाडी थांबली.

विर्तुदेस काठी टेकत चालत आली. तिने नवऱ्याच्या भुवयांकडे पाहिलं, म्हणजे त्या जिथे असायला हव्यात तिथे पाहिलं. निळ्या पडलेल्या हातांकडे पाहिलं. मग भिंतीला एक बोट लावलं, ओलं बोट डोळ्यांसमोर धरलं आणि नजर वर नेली. वळचणीखाली हातभर पट्टा राहून गेला होता. तिने काठी मुलीकडे दिली आणि एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवला.

"आई!" मुलगी ओरडली.

"थांब!" मास्तरांनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "उतर आधी. मी खोटं बोललो, विर्तुदेस. सोमवारी काहीच झालं नव्हतं. तू चढशील म्हणून बोललो. टब वितळला. जिरेनियम गेले. भिंत निळी झाली होती, तिचा तुकडा एका परक्या बाईने नेला. जे राहिलंय ते मी करतो. तू चढू नकोस."

विर्तुदेस पायरीवरून पाय काढेना.

"खोटं बोललास ते मला सोमवारीच कळलं," ती म्हणाली. "म्हणून तर एक दिवस आधी आले. सफेदी केलेला माणूस 'केव्हाच झाली' म्हणत नाही. तो 'कंबर गेली' म्हणतो."

"गेलीच आहे," मास्तर म्हणाले.

तेव्हा कुठे तिने पाय खाली घेतला. फ्रास्किताने खुर्ची आणून दिली. विर्तुदेस गल्लीच्या मधोमध बसली, काठी परत घेतली आणि तिचं टोक वळचणीकडे रोखलं. "चढ. डावीकडे. अजून डावीकडे. कुंचा असा नको धरू, मूठ खाली घे. जिथे झिजलीय तिथे नको, तो माझा हात आहे. तुझा खाली धर." मास्तरांनी मूठ खाली धरली. कुंचा हलका झाला. त्यांनी वळून बघितलं नाही, कारण सगळी गल्ली दारात येऊन उभी होती आणि बेर्नाबेने गिऱ्हाइकांसकट हॉटेल इकडे आणलं होतं.

शनिवारी सकाळी मास्तरांना दार उघडायचा धीर होईना. विर्तुदेस आधीच बाहेर खुर्चीत होती. शेवटी ते गेले आणि तिच्या मागे उभे राहून त्यांनी डोळे वर केले. भिंत पांढरी होती, वळचणीपासून पायापर्यंत; समोरच्या फ्रास्किताच्या भिंतीला ऊन परत देत होती. मास्तरांनी घसा खाकरला. कोणीतरी काहीतरी म्हणेल अशी त्यांची अपेक्षा होती. चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या वहीवर शेरे लिहिले होते. आज आपल्या वहीवर काय लिहिलं जातं याची ते वाट बघत उभे राहिले.

विर्तुदेसने बराच वेळ भिंत पाहिली.

"दाराशी जाड झालाय," ती म्हणाली. मग उठली, धुऊन वाळत घातलेला कुंचा घेतला आणि काठी टेकत आत गेली. तो कुंचा एकेचाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या दारामागे, तिच्या एप्रनशेजारी टांगलेला असे. आज ती तिथे थांबली नाही. ती बाहेरच्या खोलीपर्यंत गेली, मास्तरांची टोपी खुंटीवर जरा बाजूला सरकवली आणि तिच्याशेजारी तो कुंचा अडकवला.

"पुढच्या वर्षी पातळ दे," आतून तिचा आवाज आला.